ज्या पोराचं गाव युरेनियमच्या खाणीनं गिळलं, त्या गवंड्याला जर्मनीचा सगळ्यात मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला

साल होतं १९६८ च्या आसपासचं. पूर्व जर्मनीतल्या थुरिंगिया भागात कुल्मिच नावाचं एक लहानसं गाव होतं. शेती, चर्च, चार-दोन गल्ल्या. या गावावर बॉम्ब पडला नाही, पूर आला नाही, तरी ते नकाशावरून पुसलं गेलं. कारण एकच, गावाखाली युरेनियम होतं. लोकांना बाहेर काढलं, घरं पाडली आणि जमीन खाणीला दिली.

गाव सोडणाऱ्यांमध्ये पाचेक वर्षांचा एक पोरगा होता. नाव लुट्स झायलर. पुढं तो गवंडी झाला, सुतारकाम केलं, एका बेटावर हॉटेलात भांडी घासली, बर्लिनच्या तळघरातल्या बारमध्ये वेटर झाला. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्मश्टाट शहरात त्याच माणसाला गेऑर्ग ब्युशनर पुरस्कार देण्यात आला. जर्मन भाषेत लिहिणाऱ्याला यापेक्षा मानाचं काही मिळत नाही. रक्कम ५० हजार युरो, पण रकमेपेक्षा यादी बघा. पाउल सेलान, ग्युंटर ग्रास, हाइनरिश ब्योल, क्रिस्टा वोल्फ, एल्फ्रीड येलिनेक. यातल्या तिघांना पुढं नोबेल मिळालं.

आता कुणी म्हणेल, जर्मनीतल्या कवीला पुरस्कार मिळाला, त्याचं एवढं काय? तर मुद्दा असा आहे की झायलरची गोष्ट ही एका देशाचीही गोष्ट आहे, जो देश आता अस्तित्वातच नाही. आणि त्या नसलेल्या देशाचं भूत आजच्या जर्मनीच्या निवडणुकांमध्ये मतपेटीतून बाहेर येतंय. म्हणून हा माणूस समजून घ्यायला हवा.

सुरुवात खाणीपासूनच करायला लागते.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेकडे अणुबॉम्ब होता, सोव्हिएत रशियाकडे नव्हता. बॉम्बसाठी युरेनियम पाहिजे आणि ते रशियाच्या हाताशी पुरेसं नव्हतं. पण रशियाच्या ताब्यात आलेल्या जर्मनीच्या पूर्व भागात, सॅक्सनी आणि थुरिंगियाच्या डोंगरात ते होतं. १९४७ मध्ये तिथं एक सोव्हिएत कंपनी उभी राहिली आणि तिचं नाव ठेवलं ‘विस्मुट’. विस्मुट म्हणजे बिस्मथ हा धातू. काढायचं होतं युरेनियम, पाटी लावली बिस्मथची. कशासाठी, ते सांगायची गरज नाही.

सुरुवातीच्या वर्षांत लाखाच्या वर माणसं या खाणींमध्ये राबत होती. कित्येकांना जबरदस्तीनं आणलेलं. नंतर पगार चांगला मिळायला लागला, रेशन जास्त मिळायचं, स्वतःचे दवाखाने होते, कामगारांना स्वस्तातली दारू मिळायची. विस्मुट म्हणजे देशात एक वेगळा देश होता. १९९० पर्यंत इथून सुमारे २ लाख ३१ हजार टन युरेनियम निघालं. एवढ्याशा पूर्व जर्मनीचा युरेनियम उत्पादनात जगात सोव्हिएत संघ, अमेरिका आणि कॅनडा यांच्यानंतर नंबर लागायचा. बदल्यात हजारो खाणकामगारांना फुप्फुसाचा कॅन्सर झाला. आणि या सगळ्याबद्दल उघड बोलायची सोय नव्हती.

कुल्मिचच्या जागी आधी उघडी खाण आली. खाणीतलं खनिज संपल्यावर त्याच खड्ड्यात जवळच्या झेलिंगश्टेटच्या कारखान्यातला किरणोत्सारी गाळ सोडला गेला. म्हणजे झायलरचं बालपणीचं गाव आधी खणलं गेलं आणि नंतर विषारी चिखलाखाली गेलं. जर्मनी एक झाल्यावर सरकारी मालकीची विस्मुट कंपनी खाणी बंद करून सफाईला लागली. अब्जावधी युरो खर्च झाले. शेजारच्या रोनेबुर्गला तर २००७ मध्ये गेरा शहरासोबत मोठं राष्ट्रीय उद्यान प्रदर्शन भरलं, खाणीच्या जागेवर फुलं आणि हिरवळ आली. पण कुल्मिचचा गाळ झाकायचं काम पुढंही कित्येक वर्षं चालूच राहिलं.

हे सगळं झायलरच्या कवितेत आहे. २००० साली त्याचा ‘पेश उंड ब्लेंडे’ हा कवितासंग्रह आला आणि जर्मन समीक्षकांनी कान टवकारले. नाव समजून घेण्यासारखं आहे. ‘पेशब्लेंडे’ म्हणजे ज्या काळ्या दगडातून युरेनियम मिळतं तो दगड. १७८९ मध्ये क्लाप्रोट नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं याच दगडातून युरेनियम शोधलं, आणि मेरी क्यूरीनं रेडियम काढलं तेही याच दगडातून. पण जुन्या काळी खाणकामगारांना हा दगड नकोसा वाटायचा, कारण त्यांना चांदी हवी असायची आणि चांदीची शीर संपली की हा काळा दगड लागायचा. जर्मनमध्ये ‘पेश’ म्हणजे डांबर, आणि ‘पेश’ म्हणजे फुटकं नशीबही. ‘ब्लेंडे’ हा शब्द डोळे दिपवण्यावरून, फसवण्यावरून आलेला. झायलरनं फक्त एकाच शब्दाचे दोन तुकडे केले आणि मध्ये ‘आणि’ टाकला. दगडाचं नाव होतं, त्याचं फुटकं नशीब आणि फसवणूक झाली. एका अख्ख्या भागाचा इतिहास दोन शब्दांत बसला.

आणखी एक गंमत. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं, हा शाळेतला पहिला नियम. झायलर कविता लिहितो ती सगळी लहान अक्षरांत. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसल्यामुळं आपल्याला यात काही वाटणार नाही, पण जर्मन वाचकाला पान उघडल्या उघडल्या कळतं की इथं कोणताच शब्द दुसऱ्यापेक्षा मोठा नाही.

पण हा माणूस कवितेकडे वळला कसा, तो भाग जास्त मजेशीर आहे. झायलरचा जन्म ८ जून १९६३ चा, गेरा शहरातला. घरात साहित्याचं वातावरण वगैरे काही नव्हतं. शाळा झाली, बांधकामाचं शिक्षण घेतलं, गवंडी आणि सुतार म्हणून कामाला लागला. विशीपर्यंत पुस्तकांशी फारसा संबंध नाही. पूर्व जर्मनीत सक्तीची लष्करी सेवा होती. त्या सेवेत असताना, बराकीतल्या कंटाळ्यात, तो वाचायला लागला आणि वाचता वाचता लिहायला. बाहेर आल्यावर हाले शहराच्या विद्यापीठात त्यानं जर्मन साहित्याला प्रवेश घेतला.

मग आला १९८९ चा उन्हाळा.

बाल्टिक समुद्रात हिडनझे नावाचं एक चिंचोळं बेट आहे. आजही तिथं गाड्यांना बंदी आहे. नोबेल मिळालेले नाटककार गेरहार्ट हाउप्टमान यांचं घर आणि थडगं तिथंच. पूर्व जर्मनीच्या काळात हे बेट म्हणजे देशाच्या आत राहून देशाबाहेर असल्यासारखं वाटायची जागा. ज्यांचं सरकारशी जमत नव्हतं असे लोक, नोकरीवरून काढलेले प्राध्यापक, कवी, भटके, उन्हाळ्यात तिथं हॉटेलांमध्ये पडेल ते काम करायचे. आणि हवा स्वच्छ असली की उत्तरेला क्षितिजावर डेन्मार्कचं म्योन बेट दिसायचं. अंतर साधारण ५० किलोमीटर. तिथं पोचलं की स्वातंत्र्य.

बर्लिनची भिंत सगळ्यांना माहीत आहे, पण पाण्याची भिंत फार लोकांना माहीत नाही. पाच हजारांहून जास्त लोकांनी बाल्टिक समुद्रातून पळायचा प्रयत्न केला. कुणी पोहत, कुणी रबरी नावेत, कुणी घरी बनवलेल्या यंत्राला लटकून. बहुतेक पकडले गेले, थोडे पोचले, शंभराहून जास्त बुडाले. भिंतीवर मेलेल्यांची नावं लागली. समुद्रात मेलेल्यांपैकी काहींची प्रेतं डेन्मार्कच्या किनाऱ्याला लागली आणि तिथंच बेवारस म्हणून पुरली गेली.

१९८९ च्या उन्हाळ्यात झायलर हिडनझेवरच्या ‘त्सुम क्लाउसनर’ या हॉटेलात हंगामी कामगार होता. तिकडं हंगेरीनं सीमा उघडली, हजारो पूर्व जर्मन तिथून पळाले, नोव्हेंबरमध्ये बर्लिनची भिंत पडली. २६ वर्षांचा पोरगा समुद्रकाठी राबत होता आणि त्याचा देश संपत होता.

या अनुभवावर त्यानं लगेच कादंबरी लिहिली का? अजिबात नाही. मध्ये २५ वर्षं गेली. इथं झायलर बाकीच्यांपेक्षा वेगळा ठरतो. भिंत पडल्यावर जर्मन वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं एकच धोशा लावला होता, एकीकरणावरची ती ‘महान कादंबरी’ कधी येणार? झायलर तेव्हा बर्लिनला गेला होता आणि रिकाम्या पडलेल्या घरांमध्ये घुसून राहणाऱ्या तरुणांच्या गोतावळ्यात होता. ‘आसेल’ नावाच्या तळघरातल्या बारमध्ये काम करत होता. १९९५ ला पहिला कवितासंग्रह आला. मित्रांसोबत ‘मोसब्रांड’ नावाचं लहान मासिक चालवलं.

१९९७ पासून तो बर्लिनजवळच्या विल्हेल्म्सहोर्स्ट गावातल्या पेटर हूखेल यांच्या घरातला साहित्यिक कार्यक्रम सांभाळायला लागला. हूखेल कोण? पूर्व जर्मनीतले मोठे कवी आणि ‘झिन उंड फोर्म’ या मासिकाचे संपादक. मासिक सरकारच्या ओळीवर चालत नव्हतं म्हणून १९६२ मध्ये त्यांना घालवलं. पुढची नऊ वर्षं ते याच घरात जवळपास कोंडल्यासारखे राहिले. गुप्तहेर खात्याची, म्हणजे श्टाझीची नजर, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद. १९७१ मध्ये त्यांना देश सोडायची परवानगी मिळाली. त्याच घरात एक माजी गवंडी कवितावाचनं ठेवतो, हे बदललेल्या काळाचं बऱ्यापैकी चित्र आहे.

कादंबरीकडं त्याची वाट कथांमधून गेली. २००७ मध्ये ‘तुर्कसिब’ या कथेला ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टचा इंगेबोर्ग बाखमान पुरस्कार मिळाला. कझाकस्तानातली रेल्वे, बर्फ, आणि निवेदकाच्या हातात किरणोत्सर्ग मोजायचा गायगर काउंटर. सोव्हिएत रशियानं १९४९ मध्ये पहिल्या अणुबॉम्बची चाचणी घेतली ती कझाकस्तानातच. ज्याचं गाव युरेनियमसाठी गेलं त्या लेखकाच्या कथेत तिथंच ते यंत्र टिकटिकतं, हा योगायोग मानायचा की नाही ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

मग २०१४ ला ‘क्रुझो’ आली. झायलर ५१ वर्षांचा होता आणि ही त्याची पहिली कादंबरी होती. त्याच वर्षीचा जर्मन बुक प्राइझ तिला मिळाला.

गोष्ट अशी. एड नावाचा विद्यार्थी, त्याची मैत्रीण अपघातात गेलेली, सगळं सोडून हिडनझेला येतो. क्लाउसनरमध्ये भांडी घासायला लागतो. तिथं त्याला क्रुझो भेटतो, एका सोव्हिएत जनरलचा मुलगा. क्रुझोची बहीण समुद्रात नाहीशी झालेली आहे. पळून जायच्या इराद्यानं बेटावर येणाऱ्यांना क्रुझो ‘जहाज फुटलेले’ म्हणतो. त्यांना लपवतो, सूप देतो, काही रात्री आसरा देतो. पण पळायला मदत करत नाही, उलट थांबवतो. त्याचं म्हणणं असं की स्वातंत्र्य पलीकडच्या किनाऱ्यावर नाही, ते माणसाच्या आतच असतं आणि या बेटावर ते परत शोधता येतं.

हे ऐकायला भारी वाटतं. पण कादंबरी इथं चलाखी करते. क्रुझोचा हा विचार बरोबर की वेडगळ, हे झायलर सांगत नाही. कारण तिकडं सीमा उघडली आहे आणि हॉटेलातले कामगार एकेक करून गायब होत आहेत. ज्याला खरोखर जायची वाट मिळाली, तो आतल्या स्वातंत्र्यासाठी थांबत नाही. शेवटी एड आणि क्रुझो दोघंच उरतात, रिकामं हॉटेल सांभाळत. आणि पुस्तकाच्या शेवटच्या भागात सूरच बदलतो. बुडालेल्यांचं काय झालं याचा शोध घ्यायला निवेदक डेन्मार्कला जातो, कागदपत्रं चाळतो. स्वप्नाळू वाटणारी कादंबरी अचानक पोलिसांच्या फायलीवर येऊन थांबते. ती पानं पुस्तकातली सगळ्यात चांगली आहेत.

२०२० ला आलेल्या ‘श्टेर्न १११’ ला लायप्त्सिश पुस्तक मेळ्याचा पुरस्कार मिळाला. श्टेर्न १११ हे पूर्व जर्मनीतल्या एका ट्रान्झिस्टर रेडिओचं नाव. इथं गंमत उलटी आहे. भिंत पडते आणि पळून कोण जातं, तर आई-बाप. पन्नाशीतलं जोडपं, गेरातलं भरलं घर सोडून, निर्वासितांच्या छावणीत पश्चिमेला. आणि तरुण मुलगा कार्ल मागं घर राखायला. तोही थांबत नाही, बापाची रशियन गाडी घेऊन बर्लिनला जातो, घरं बळकावणाऱ्या टोळक्यात सामील होतो, विटा रचतो, कविता लिहितो. त्या टोळक्याच्या म्होरक्याकडं एक बकरी असते. तो सगळा भाग थोडा लांबलाय, हे कबूल करायला हवं. पण आई-बापांची पत्रं आली की पुस्तक परत पकड घेतं. आपल्या जन्मदात्यांचं एक गुपित आयुष्य होतं आणि ते आपल्याला कधीच माहीत नव्हतं, हे मुलाला कळत जातं.

आता येऊ आजच्या राजकारणाकडं.

१ सप्टेंबर २०२४ ला झायलरच्या थुरिंगियात निवडणूक झाली. कट्टर उजव्या एएफडी पक्षाला ३२.८ टक्के मतं पडली आणि तो पहिल्या नंबरवर आला. महायुद्धानंतर जर्मनीच्या कोणत्याही राज्यात असं पहिल्यांदाच घडलं. बाकीच्यांनी एकत्र येऊन त्यांना सत्तेबाहेर ठेवलं. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय निवडणुकीत एएफडी देशभरात २०.८ टक्क्यांवर दुसरा आला, पण बर्लिन सोडून जुन्या पूर्व जर्मनीच्या पाचही राज्यांत पहिला. निकालाचा नकाशा रंगवला तर १९८९ ची सीमा परत उमटते.

असं का, यावर जर्मनीत रोज भांडणं होतात. एक कारण सगळे मान्य करतात. एकीकरणानंतर ‘ट्रॉयहांड’ नावाच्या संस्थेनं पूर्वेकडच्या सुमारे साडेआठ हजार सरकारी कंपन्या विकल्या किंवा बंद केल्या. तिथं साधारण ४० लाख माणसं काम करत होती. १९९४ पर्यंत खेळ खलास. कारखान्यासोबत वसाहत, पाळणाघर, क्लब, सगळंच गेलं. वरच्या खुर्च्यांवर पश्चिमेची माणसं आली, आणि न्यायालयं, विद्यापीठं, मोठ्या कंपन्या यांत आजही पूर्वेची माणसं कमीच दिसतात. २०२३ मध्ये लायप्त्सिशच्या डिर्क ओशमान या प्राध्यापकानं ‘पूर्व ही पश्चिमेनं रचलेली कल्पना आहे’ असं म्हणणारं पुस्तक लिहिलं आणि ते धडाधड खपलं.

मग झायलरच्या पुस्तकांमधून एएफडीचं उत्तर मिळतं का? नाही मिळत, आणि ते मिळतं असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. पूर्वेच्या प्रत्येक लेखकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करायची जर्मन पत्रकारांना सवय आहे. १९९० मध्ये क्रिस्टा वोल्फ यांच्यावर असाच खटला भरला गेला होता, वर्तमानपत्रांच्या पानांवर. दुसरीकडं उवे टेलकाम्प. त्यांच्या पूर्व जर्मनीवरच्या ‘डेर टुर्म’ कादंबरीला २००८ चा जर्मन बुक प्राइझ मिळाला आणि २०१८ मध्ये निर्वासितांबद्दलच्या विधानांवरून मोठा वाद झाला. तेव्हापासून त्यांची कादंबरी कमी आणि मतं जास्त चर्चेत असतात.

झायलर या दोन्ही वाटांनी गेला नाही. जुना देश चांगला होता असं तो म्हणत नाही, म्हणणार तरी कसा, त्याच देशानं त्याचं गाव खणलं. आणि पश्चिमेनं येऊन आम्हाला सोडवलं, असंही म्हणत नाही. त्याच्याकडं वस्तू आहेत. रेडिओ, थापी, विटा, भांडी घासायचं गरम पाणी, गॅरेजमधली गाडी. ज्यांच्या हातून हे सगळं एका झटक्यात गेलं, त्यांना नंतर कुणीतरी सांगितलं की तुमच्याकडं जे होतं ते तसंही भंगारच होतं. झायलरची पुस्तकं ती वस्तू परत हातात घेऊन तिचं वजन बघतात. निवडणुकीच्या विश्लेषणात हे वजन कुठल्याच तक्त्यात येत नाही.

ब्युशनर पुरस्काराच्या यादीत त्याच्याआधी असाच एक माणूस होऊन गेला, वोल्फगांग हिलबिग. तोही थुरिंगियाचा, कोळसा खाणीच्या मॉयझेलविट्स गावचा, बॉयलरवर कोळसा टाकणारा कामगार आणि कवी. त्याला २००२ मध्ये हा पुरस्कार मिळाला. पूर्व जर्मनीचं सरकार कामगारांनी लेखक व्हावं म्हणून मोहिमा चालवायचं. कामगार खरोखर लेखक झाले तेव्हा हिलबिगची पुस्तकं आधी पश्चिमेत छापावी लागली.

झायलर इंग्रजीतून वाचायचा असेल तर ‘क्रुझो’ आणि ‘स्टार १११’ या दोन्ही कादंबऱ्यांचे टेस लुइस यांनी केलेले अनुवाद मिळतात. ‘पेश उंड ब्लेंडे’ इंग्रजीत ‘पिच अँड ग्लिंट’ नावानं २०२३ मध्ये आलं. त्याच वर्षी ‘इन केस ऑफ लॉस’ हा निबंधसंग्रहही आला. कवितेची भीती वाटत असेल तर सुरुवात या निबंधांपासून करा. कुल्मिच, हूखेल यांचं घर आणि बापाचं गॅरेज, सगळं तिथं साध्या गद्यात भेटतं.